गोळी बदलण्याचे वेळापत्रक रुग्णाला मराठीत लिहून मिळावे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

काळजीच्या आजारावर, म्हणजे चिंतारोगावर, चालू असलेली गोळी लागू पडेनाशी झाली तर काय करावे, हा प्रश्न आमच्या भागात डॉक्टरांच्या आधी मेडिकलवाल्याला विचारला जातो, तोही आवाज खाली करून आणि आजूबाजूला कोणी ओळखीचे नाही ना हे पाहून. मीही तसाच विचारला होता. त्यातून जो घोळ झाला तो सांगण्यासाठी आणि त्या निमित्ताने एक साधी मागणी मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी शहापूर, बेळगाव येथे राहणारा निवृत्त माध्यमिक शिक्षक आहे. छपन्नाव्या वर्षी छातीत धडधड, तळहातांना घाम आणि रात्री दोनला जाग येऊन पहाटेपर्यंत नको नको ते विचार, असे सुरू झाले. हृदयाच्या सगळ्या तपासण्या निर्दोष निघाल्यावर मनोविकारतज्ज्ञांनी एसिटालोप्राम 10 मिलिग्रॅम दिली. नैराश्यासाठी निघालेल्या या गोळ्या चिंतारोगावरही पहिल्या पसंतीच्या मानल्या जातात हे मला तेव्हा माहीत नव्हते, त्यामुळे ‘मला कुठे डिप्रेशन आहे?’ म्हणून मी आठवडाभर ती डब्यातच ठेवली. पुढे मात्र सहा वर्षे तिने मला सांभाळले. मधल्या काळात ते डॉक्टर दुसऱ्या शहरात गेले, आणि मी त्यांच्या जुन्या चिठ्ठीवर गोळ्या आणत राहिलो.

गेल्या आषाढात धडधड परत आली. ‘अंगाला सवय झाली असेल’ असे मेडिकलमध्ये मला सांगण्यात आले आणि वेगळ्या नावाचे पाकीट हातात पडले. ती नवी गोळी आहे असे समजून मी जुन्या पाकिटातली एक आणि नव्यातली एक अशा दोन्ही बारा दिवस घेतल्या. दोन्हींत औषध एकच होते, फक्त कंपनी वेगळी. उतारवयातील बहुतेकांना जी 10 मिलिग्रॅम पुरेशी धरतात, ती मी 20 घेत होतो. हात थरथरू लागले, पोट बिघडले, उरलीसुरली झोप गेली. आणि आजारच वाढला असे समजून मी एका सकाळी दोन्ही पाकिटे फेकून दिली. तिसऱ्या दिवसापासून मान वळवली की डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखे व्हायचे. चक्कर, मळमळ, विचित्र स्वप्ने आणि कारण नसताना घरच्यांवर ओरडणे हेही त्याच्या जोडीला आले. औषध एकदम तोडल्याने असे होते आणि तो मूळ आजार नव्हे, हे मला कोल्हापूरला गेल्यावर कळले.

तिथल्या डॉक्टरांनी गोळी बदलण्याआधी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. गोळी रोज घेत होतात की अधूनमधून चुकत होती? पूर्ण मात्रेत किती आठवडे घेतली? थायरॉईडची तपासणी कधी केली? दम्याचा पंप, स्टेरॉईड, गुडघेदुखीसाठी ट्रॅमाडॉल असलेली गोळी यांपैकी काही चालू आहे का? दिवसाला चहा किती, दारू किती? आयुष्यात कधी झोप कमी आणि उत्साह भलताच जास्त असे दिवस आले होते का? शेवटचा प्रश्न मला चमत्कारिक वाटला, पण तशी पार्श्वभूमी असणाऱ्याला नुसती नैराश्यविरोधी गोळी दिली तर मनःस्थिती दुसऱ्या टोकाला जाऊ शकते, म्हणून तो विचारावाच लागतो. गोळी निकामी झाली असे वाटणाऱ्यांपैकी काहींच्या बाबतीत गोळीचा दोष नसतोच: मात्रा अपुरी असते, वाढलेले थायरॉईड धडधड निर्माण करत असते, किंवा घरात नवे संकट आलेले असते. हे सगळे वगळल्यावर मात्रा वाढवायची, दुसऱ्या औषधाची जोड द्यायची की औषधच बदलायचे हे ठरते.

बदलायचे ठरले तरी ‘उद्यापासून ही बंद, ती सुरू’ असे नेहमी चालत नाही. एकाच गटातील काही औषधांत तसा थेट बदल करता येतो; पुष्कळदा जुनी मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवत नवी हळूहळू चढवतात. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन ही नैराश्यविरोधी औषधे शरीरातून लवकर निघून जातात, म्हणून ती अचानक तोडली की त्रास जास्त होतो. फ्लुओक्सेटिन हे तसलेच औषध उलट आठवडेच्या आठवडे रेंगाळते, त्यामुळे ते बंद केल्यावरही पुढच्या औषधाशी त्याची गाठ पडू शकते. मेंदूतील सेरोटोनिन हे रसायन वाढवणारी दोन औषधे जास्त मात्रेत एकत्र आली तर ताप, दरदरून घाम, कंप, जुलाब आणि कमालीची अस्वस्थता दिसू शकते. तेव्हा पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठायचा असतो. व्हेन्लाफॅक्सिनवर रक्तदाब तपासत राहावे लागते. पंचविशीच्या आतल्या रुग्णाकडे पहिल्या काही आठवड्यांत, आणि मात्रा बदलताना, घरच्यांनी विशेष लक्ष ठेवायचे असते, कारण या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात. नव्या गोळीचा गुण यायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, कधी त्याहून अधिक. आणि पहिल्या पंधरवड्यात अस्वस्थता उलट थोडी वाढलेली वाटू शकते. आमच्याकडचे बहुतेक रुग्ण नेमके याच पंधरवड्यात डॉक्टर बदलतात. दुसरे काही जण त्या काळापुरती दिलेली क्लोनाझेपाम ही मन शांत करणारी गोळी वर्षानुवर्षे घेत राहतात, कारण तिचा गुण तासाभरात दिसतो. तिची सवय लागते हे फार उशिरा कळते.

दुसरी गोळी पहिलीपेक्षा चांगलीच असेल याची हमी कोणी देत नाही. अमेरिकेत झालेल्या स्टार-डी या मोठ्या अभ्यासात, 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पहिल्या औषधाने बरे न झालेल्या किंवा ते न सोसलेल्या नैराश्याच्या रुग्णांना तीन वेगवेगळ्या औषधांवर वळवले असता तिन्ही गटांत साधारण चारांपैकी एक पूर्ण बरा झाला. तो अभ्यास चिंतारोगाचा नव्हता, तेव्हा आकडा इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. पण बदल म्हणजे पारखून घेण्याचे काम आहे आणि त्याला धीर लागतो, एवढे त्यातून दिसते. गोळीबरोबर सीबीटीही करा, असे मला सांगण्यात आले, तेव्हा बेळगावकर म्हणून माझ्या डोळ्यांसमोर बसस्थानकच आले, कारण आमच्या बसस्थानकालाही सीबीटीच म्हणतात. पण ही सीबीटी म्हणजे विचारांची आणि वागण्याची घडी बदलणारी, ठरावीक बैठकांत चालणारी उपचारपद्धती आहे, आणि चिंतारोगावर तिचा चांगला उपयोग होतो. ती मराठीतून करणारे कोणी आपल्या शहरात असतील तर त्यांनी आपली माहिती जरूर प्रसिद्ध करावी.

आता सीमाभागाचा मुद्दा. आपण कोल्हापूरला जातो, मिरजेला जातो, धारवाडला जातो, कोणी गोव्याला जातो. प्रत्येक ठिकाणी नवा कागद सुरू होतो आणि जुना घरीच राहतो. कोल्हापूरच्या पहिल्या भेटीत माझ्याकडे दाखवायला फक्त एक जुने रिकामे पाकीट होते. त्यात भाषेची भर. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटीच्या बाजूला राहणाऱ्या आमच्या नात्यातील एका वहिनींना गोळी उतरवताना ‘एरडु वार अर्ध गुळिगे’ असे सांगण्यात आले होते. कन्नडमध्ये ‘वार’ म्हणजे आठवडा. आपल्याकडे वार म्हणजे सोमवार, मंगळवार. वहिनींनी दोन दिवस अर्धी गोळी घेतली आणि तिसऱ्या दिवशी बंद केली. दोन आठवड्यांची उतरण दोन दिवसांत संपली. सांगणाऱ्याने बरोबर सांगितले होते, ऐकणारीनेही कान देऊन ऐकले होते, आणि तरीही पुढचे दहा दिवस त्या अंथरुणाला खिळून होत्या. ‘वार’ दोन्ही भाषांत आहे, म्हणून शंकाही आली नाही. शब्द अनोळखी असता तर त्यांनी नक्की विचारले असते.

हे गाऱ्हाणे कन्नडविरुद्ध नाही, ते तसे वाचले जाऊ नये. जत किंवा अक्कलकोटकडचा कन्नड बोलणारा माणूस मिरज-सोलापुरात मराठी चिठ्ठी घेऊन उभा राहतो तेव्हा त्याचीही हीच अडचण होते. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 22 नुसार रुग्णाला आपला आजार, ठरवलेले उपचार आणि त्यांचे ज्ञात दुष्परिणाम यांची माहिती मिळण्याचा हक्क आहे, आणि ती त्याला समजेल अशा भाषेत व स्वरूपात मिळाली पाहिजे. कलम 25 त्याला आपले वैद्यकीय कागद मिळवण्याचा हक्क देते. सीमाप्रश्नाचा निकाल लागेपर्यंत यांपैकी कशासाठीही थांबण्याची गरज नाही.

माझी मागणी अर्ध्या पानाची आहे. मनोविकाराची गोळी बदलताना किंवा उतरवताना रुग्णाला एक तक्ता द्यावा: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत जुनी किती, नवी किती, कंपनीच्या नावाबरोबर मूळ औषधाचे नाव, आणि काय झाले तर लगेच यायचे. ‘आठवडा’ किंवा ‘वार’ न लिहिता तारखाच लिहाव्यात. आणि हे सगळे मराठी रुग्णाला मराठीत, कन्नड रुग्णाला कन्नडमध्ये. मेडिकलवाल्यांना विनंती अशी की दुसऱ्या कंपनीचे पाकीट देताना ‘औषध तेच’ हे दोन शब्द त्यावर पेनाने लिहावेत. रात्री-अपरात्री शंका आली तर 14416 हा केंद्र सरकारचा टेलिमानस क्रमांक मोफत आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येते; पण तिथेही कोणती गोळी किती घेता हे सांगता आले पाहिजे, म्हणजे कागद हवाच.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी मला असा तक्ता करून दिला होता. त्यातील मात्रा येथे देत नाही, कारण ती माझ्या वयाला आणि माझ्या रक्तदाबाला मोजून होती. तो आजही कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे; रोजच्या चौकटीत आमच्या सौभाग्यवती खूण करत असत, आणि पाचव्या आठवड्यात रात्रीची जाग कमी झाल्याचे मला कळायच्या आधी त्यांनाच कळले. शहरातील आणि तालुक्यांतील मनोविकारतज्ज्ञांनी असा कोरा नमुना ठरवून दिला, तर तो सोप्या मराठीत उतरवणे, छापून आणणे आणि दवाखान्यांत पोहोचवणे हे काम आम्ही काही निवृत्त शिक्षक विनामूल्य करायला तयार आहोत. मजकूर तेवढा त्यांनी तपासून द्यावा.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
शहापूर, बेळगाव
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)