मासाही तपासा : खाणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय खाणमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

खाणीला परवाना देताना घातल्या जाणाऱ्या अटींमध्ये पाण्याच्या तपासणीची अट असते आणि ती बहुतेक वेळा पाळलीही जाते. ठरलेल्या दिवशी खाणीखालच्या ओढ्यातून बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत जाते आणि काही दिवसांनी येणाऱ्या कागदावर एकेका धातूच्या नावापुढे ‘मर्यादेत’ असा शेरा असतो. त्याच ओढ्यातला मासा मात्र क्वचितच कोणी तपासतो. गोड्या पाण्यातील माशांच्या शरीरात साठलेल्या धातूंचे मोजमाप करणे हे माझे काम आहे, आणि हे पत्र त्या एकाच उणिवेबद्दल आहे.

बाटलीतले पाणी त्या क्षणापुरते खरे बोलते. मासा त्या पाण्यात चोवीस तास, वर्षानुवर्षे असतो. कल्ल्यांतून ते पाणी त्याच्या रक्ताला भिडते आणि तळाच्या गाळातले किडे खाऊन त्या गाळातले धातूही तो पोटात घेतो. काल रात्रीच्या पावसात खाणीच्या ढिगाऱ्यावरून काय वाहून आले, हे आज दुपारी भरलेली बाटली सांगू शकत नाही. माशाचे यकृत ते सांगू शकते.

आपल्याला ठाऊक असेलच, की कोळसा आणि धातूंच्या खाणींमधून निघालेल्या खडकात बऱ्याचदा पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचे खनिज असते. जमिनीखाली ते निमूट पडून असते. वर काढल्यावर हवा आणि पाणी लागले की त्यातून गंधकाम्ल तयार होते, आणि काही जिवाणू ही क्रिया आणखी वेगाने घडवून आणतात. हे आम्ल आजूबाजूच्या खडकातून तांबे, जस्त, कॅडमियम, शिसे, आर्सेनिक असे जे मिळेल ते विरघळवत ओढ्यात उतरते. ओढ्याचे दगड नारिंगी झालेले दिसले, की काय घडले आहे हे गावातल्या मुलालाही कळते.

यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे पाण्यात चुना टाकणे. त्याने आम्ल मारले जाते, बरेचसे धातू तळाशी बसतात आणि पाणी निवळते. पण सेलेनियम हे खडकातूनच येणारे मूलद्रव्य ज्या रूपात बहुधा अशा पाण्यात असते, ते चुन्याला दाद देत नाही, आणि सल्फेटही मोठ्या प्रमाणात मागे उरते. निवळलेले, दिसायला स्वच्छ पाणी नदीत सोडले जाते आणि आमच्या दृष्टीने खरी काळजी तिथून सुरू होते.

सेलेनियमविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण परवान्यातील तपासणी किती अपुरी आहे हे याच्याइतके स्पष्ट कशानेच दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य पाहिले, तर पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 40 मायक्रोग्रॅमपर्यंत सेलेनियम चालते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2016 मध्ये जलचरांच्या रक्षणासाठी जो निकष ठरवला, त्यात वाहत्या पाण्यासाठी हेच प्रमाण 3.1 आणि साचलेल्या पाण्यासाठी अवघे 1.5 मायक्रोग्रॅम आहे. माणसाने निर्धास्त प्यावे अशा पाण्यातही माशांची वंशवेल खुंटू शकते, असा याचा अर्थ होतो. त्याच निकषात पाण्यापेक्षा माशाच्या शरीरातील प्रमाणाला वरचे स्थान दिले आहे आणि त्यातही गाभोळीतील, म्हणजे मादीच्या पोटातल्या अंड्यांतील, प्रमाणाला सर्वांत वरचे. ते कोरड्या वजनाच्या किलोमागे 15.1 मिलिग्रॅमच्या पुढे जाता कामा नये.

गाभोळीच का, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की विसरता येत नाही. अशा पाण्यातली मादी हातात घेतली तर ती धडधाकट असते. खवले चमकतात, पोट भरलेले असते, गाभोळी टपोरी असते. अंडी उबवणीच्या तबकात ठेवली की ती फुटतातही. मग अंड्यातल्या बलकावर पिल्ले वाढू लागतात, आणि तो बलक बनताना आईच्या शरीरातले सेलेनियम त्यात उतरलेले असते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर एखाद्या पिल्लाचा कणा स्वल्पविरामासारखा वाकलेला दिसतो, एखाद्याचा खालचा जबडा आखूड असतो, एखाद्याचे पोट पाण्याने फुगलेले असते. ते पोहू पाहते आणि एकाच जागी गोल फिरत राहते. अशी पिल्ले नदीत कुणाच्या नजरेला पडत नाहीत, कारण ती पहिल्या काही दिवसांतच संपतात. मेलेल्या माशांचा खच पडत नाही, वास सुटत नाही, तक्रार येत नाही. मोठे मासे दिसत राहतात आणि काही वर्षांनी तेही दिसेनासे होतात.

अमेरिकेच्या उत्तर कॅरोलिना राज्यातील बेल्यूज तलावात 1970च्या दशकात असेच झाले. तिथे औष्णिक वीजकेंद्राच्या कोळशाच्या राखेचे पाणी येत होते, तलावाच्या पाण्यात सेलेनियम लिटरमागे सुमारे 10 मायक्रोग्रॅम होते, आणि तेवढ्याने तलावातल्या बहुतेक माशांच्या जाती नाहीशा झाल्या. कॅनडातील एल्क नदीच्या खोऱ्यात कोळशाच्या खाणींमधून उतरणाऱ्या सेलेनियमचा प्रश्न अनेक वर्षे गाजतो आहे. तिथल्या खाण कंपनीला 2021 मध्ये मत्स्य कायद्याखाली 6 कोटी कॅनेडियन डॉलर भरावे लागले. एवढी रक्कम भरूनही ढिगाऱ्यांतून झिरपणे थांबत नाही, हे आपल्या खात्याने विशेष ध्यानात घ्यावे.

पाऱ्याची वाट वेगळी आहे. जगभर लहान प्रमाणावर चालणाऱ्या सोन्याच्या खाणकामात सोने वेगळे करण्यासाठी पारा वापरला जातो, आणि माणसाच्या हातून हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सर्वांत मोठा स्रोत हेच काम आहे. नदीच्या तळाशी, जिथे प्राणवायू पोहोचत नाही, तिथले सल्फेटवर जगणारे जिवाणू या पाऱ्याचे मिथिलपाऱ्यात, म्हणजे शरीरात साठत जाणाऱ्या विषारी रूपात, रूपांतर करतात. चुना टाकून सोडलेल्या पाण्यातले सल्फेट मी वर का नोंदवले, ते इथे लक्षात यावे: या जिवाणूंचे ते खाद्य आहे. पुढे शेवाळातून किड्यात, किड्यातून लहान माशात आणि लहान माशातून मोठ्या शिकारी माशात हा पारा दर पायरीला वाढत जातो. पाण्यात तो मोजायला उपकरण अपुरे पडावे इतका थोडा असतो, तर शिकारी माशाच्या मांसात त्या पाण्याच्या दहा लाख पटींहूनही अधिक सापडू शकतो. तो प्रथिनांना घट्ट चिकटून बसत असल्यामुळे चरबी काढून टाकून, धुऊन किंवा शिजवून तो जात नाही. गर्भवतीने असा मासा खाल्ला तर तो वारेतून गर्भाच्या मेंदूपर्यंत पोहोचतो, आणि त्या माशाच्या रंगात, वासात किंवा चवीत सावध करणारे काहीही नसते.

खाण बंद झाली म्हणजे प्रश्न मिटला, असे समजू नये. कॅलिफोर्नियात पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी डोंगर फोडून सोने काढण्याच्या पद्धतीला 1884 मध्ये न्यायालयाने आवर घातला. त्या काळी सांडलेला पारा अजूनही गाळात आहे आणि खालच्या जलाशयांतले मासे किती खावेत याच्या सूचना आजही द्याव्या लागतात. आपल्या खात्याकडील परवान्यांत खाण बंद झाल्यावर किती वर्षे तपासणी करायची याचा आकडा असतो. तो या इतिहासाशेजारी ठेवून पाहावा.

म्हणून माझी विनंती अशी, की यापुढे दिल्या जाणाऱ्या आणि नूतनीकरणासाठी येणाऱ्या प्रत्येक परवान्यात माशांच्या तपासणीची अट असावी. पहिली तपासणी कुदळ लागण्यापूर्वी व्हावी; ती झाली नाही तर ‘हे धातू इथे मुळातच होते’ हा युक्तिवाद पुढे कोणालाही खोडता येत नाही आणि सिद्धही करता येत नाही. तळाशी चरणारी एक जात आणि एक शिकारी जात, दोन्ही त्याच भागात राहणाऱ्या, खाणीच्या वरच्या आणि खालच्या अंगाला पकडलेल्या असाव्यात. मांस, यकृत आणि गाभोळी वेगवेगळी तपासावीत, कारण कॅडमियम मांसात थोडे आणि यकृत-मूत्रपिंडात पुष्कळ असते, आणि जो माणूस लहान मासा सगळाच्या सगळा खातो त्याच्या पोटात ते सगळेच जाते. प्रत्येक माशाची लांबी आणि वय नोंदवले जावे. वय खवल्यांवरच्या किंवा कानातल्या खड्यावरच्या वलयांवरून कळते. ही नोंद नसेल, तर यंदाचे कोवळे मासे मागच्या वर्षीच्या जून माशांशेजारी मांडून ‘प्रदूषण घटले’ असे दाखवता येते. असे तक्ते मी पाहिलेले आहेत.

नमुने घेणारा माणूस खाण कंपनीचा नसावा. खर्च मात्र कंपनीने आगाऊ जमा केलेल्या ठेवीतून व्हावा, आणि ती ठेव खाण बंद झाल्यानंतरच्या अनेक दशकांच्या तपासणीलाही पुरणारी असावी. खर्च फार होईल, असे आपल्याला सांगितले जाईल. खडक एकदा फोडून उघड्यावर टाकल्यावर त्यातून निघणारे पाणी पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध करत बसण्याच्या तुलनेत हा खर्च अगदी किरकोळ आहे. निकाल नदीकाठच्या लोकांना त्यांच्या भाषेत मिळावेत, कारण संध्याकाळी जाळे ओढणाऱ्याला आज घरी काय न्यायचे हे त्यावरून ठरवायचे असते. आणि ठरलेली पातळी ओलांडली गेली तर पाणी सोडणे थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे आणि किती दिवसांत तो वापरला जाईल, हेही परवान्यातच लिहिलेले असावे.

आपल्याकडे नूतनीकरणासाठी येणाऱ्या पुढच्या प्रकरणात ही अट घातली जाईल की नाही, याचे लेखी उत्तर आपण द्यावे. नमुने कसे घ्यायचे, कसे जपायचे आणि कसे मोजायचे हे दाखवायला मी व माझे सहकारी आपल्या खात्यातील अधिकाऱ्यांसोबत नदीवर यायला तयार आहोत.

आपली विश्वासू,
गोड्या पाण्यातील माशांची एक अभ्यासक