अण्णा, त्या ट्रान्सफॉर्मरसाठी

ती. अण्णांस,
सा. नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही हात झटकता आणि पावसाचा विषय काढता, म्हणून हे पत्र. आणि ते जाहीर अशासाठी, की मालवणच्या बाजारपेठेत पंपाच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या माणसाने गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी काय केलं, हे चार लोकांना कळायला हवं असं मला फार वाटतं.

त्या चार लोकांसाठी आधी थोडं सांगते. अमेरिकेतल्या फेंडर कंपनीने १९५५ ते १९६० या काळात ट्वीड डिलक्स नावाचा जो अ‍ॅम्प बनवला, त्याच्या सर्किटला ५ई३ म्हणतात. पाच व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असायच्या त्या काचेच्या नळ्या), बारा इंची एक स्पीकर, ताकद जेमतेम बारा-पंधरा वॅट. पण त्याचा आवाज गिटार वाजवणाऱ्यांच्या कानातून जात नाही, म्हणून आजही त्या सर्किटची किट मिळतात. सुटे भाग येतात, जोडायचं आपण. मी तसं एक मागवलं. सगळं व्यवस्थित आलं, फक्त पॉवर ट्रान्सफॉर्मर तिकडच्या १२० व्होल्टचा होता.

ज्याला विचारलं त्याने आपले २३० व्होल्ट उतरवणारा स्टेपडाउन लावायला सांगितलं. तुम्ही तो ट्रान्सफॉर्मर हातात घेऊन उलटसुलट पाहिलात, पट्टीवरचे ६० सायकल, म्हणजे विजेची सेकंदाला साठ आवर्तनं, वाचलेत आणि म्हणालात, "आपल्या ५० वर ह्या लोखंड तापतला." मला तेव्हा उलगडा झाला नव्हता. सायकल कमी झाल्या की त्याच व्होल्टेजला ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी गाभ्यातलं चुंबकत्व त्याच प्रमाणात वाढतं, म्हणजे वीस टक्के जास्त, आणि ६० साठी काटेकोर बनवलेल्या गाभ्याला ते पेलत नाही. तुम्ही दुकानातल्या सिगारेटच्या पाकिटावर गणित मांडून दाखवलंत. आणि नवा ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचं ठरवूनच टाकलंत.

ते गणित मी जपून ठेवलंय. पंचेचाळीस भागिले गाभ्याचं क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये, की एका व्होल्टला तारेचे किती वेढे ते कळतं. आपला गाभा १२ चा, म्हणून पावणेचार. २३० व्होल्टला ८६३ वेढे. जास्त व्होल्टच्या वाइंडिंगला मधल्या टोकाच्या दोन्ही बाजूंना ३३० व्होल्ट हवे होते, तिथे तारेतली घट धरून तुम्ही प्रत्येक बाजूला १३०० घेतलेत. व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या हीटरच्या ६.३ व्होल्टना जाड तारेचे पंचवीस, एसीचा डीसी करणाऱ्या रेक्टिफायर व्हॉल्व्हच्या ५ व्होल्टना वीस. हातमशीन फिरवायला तुम्ही मला बसवलंत आणि तार स्वतःच्या चिमटीत धरलीत. केसासारखी तार, आणि एका वेढ्याला लागून दुसरा, मध्ये फट नाही, एकावर एक चढलेला नाही. थर संपला की कागद, पुन्हा थर. "मोजताना बोलूचा नाय, बाय." काउंटर होता तरी तुमचे ओठ आकडे मोजत होते.

प्रायमरी (लाइनकडची गुंडाळी) आणि सेकंडरी (अ‍ॅम्पकडची) यांच्या मध्ये तुम्ही तांब्याची पातळ पट्टी गुंडाळलीत, ती मला सगळ्यात आवडली. लाइनमधला खरखराट तिथेच अडवून चासीला, म्हणजे अ‍ॅम्पच्या धातूच्या सांगाड्याला, पोचवायचा. पण पट्टीची दोन टोकं एकमेकांवर येताना मध्ये कागद हवाच. टोकं भिडली की तो एक शॉर्ट वेढा होतो आणि सगळा ट्रान्सफॉर्मर जळतो. हे सांगताना तुम्ही तो कागद दोनदा काढून पुन्हा नीट बसवलात.

आणि टॅप! माझ्या डोक्यात ही गोष्ट आलीच नसती. दिवेलागणीला आमच्या आचऱ्यात व्होल्टेज २१० च्या आसपास येतं, आणि रात्री सगळे झोपले की चढतं. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओंना मागे व्होल्टेज निवडायची सोय असायची, तशी तुम्ही २१०, २३० आणि २५० ची तीन टोकं बाहेर काढलीत. आता मी आधी मीटर बघते, मग अ‍ॅम्प बंद असतानाच टॅप बदलते. व्हॉल्व्हच्या हीटरला नेमके सव्वासहा-साडेसहा व्होल्ट मिळतात. कोकणातल्या लाइनसाठी बनलेला ट्वीड डिलक्स आणखी कुठे असेल तर मला बघायला आवडेल.

आपल्या दमट हवेचा बंदोबस्तही तुम्हीच केलात. पत्र्याच्या डब्यात बल्ब लावून ट्रान्सफॉर्मर रात्रभर शेकवलात, मग गरम असतानाच वार्निशमध्ये बुडवलात. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत काढायचा नाही, कारण बुडबुडा म्हणजे आत राहिलेली हवा, आणि हवेबरोबर दमटपणा. किटमधले कार्बनचे रेझिस्टरही तुम्ही एकेक करून मीटरवर धरलेत. हे जुन्या पद्धतीचे रेझिस्टर ओल शोषतात आणि त्यांची किंमत सरकते. १०० के (किलोओहम) लिहिलेले काही ११५ च्या वर दाखवत होते. जुन्या अ‍ॅम्पचे शौकीन या रेझिस्टरसाठी जीव टाकतात, पण मला तुमचं पटलं. वाईट निघालेले सगळे काढून मेटल फिल्मचे घातले. मला आवाजात काडीचाही फरक जाणवत नाही.

पहिल्यांदा करंट दिला तो दिवस. तुमचा सिरीज बोर्ड, म्हणजे करंट आधी ज्याच्या बल्बमधून जातो तो, त्यावर ६० वॅटचा बल्ब, आणि अ‍ॅम्पमध्ये एकही व्हॉल्व्ह नाही. बल्ब किंचित लुकलुकला आणि विझत गेला, म्हणजे शॉर्ट नाही. मग एकटा ५वाय३, म्हणजे रेक्टिफायर व्हॉल्व्ह, घातलात आणि मीटर लावायला मला सांगितलंत. ४५० च्या वर आकडा गेला तेव्हा माझे हात थिजले. ६व्ही६, म्हणजे स्पीकर चालवणारे आउटपुट व्हॉल्व्ह, करंट ओढायला लागले नाहीत तोवर तेवढे व्होल्ट चढतातच, म्हणूनच तुम्ही ५०० व्होल्टचे कपॅसिटर आहेत ना हे आधी पाहून घेतलं होतंत. स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ते व्होल्ट बसून असतात. तुम्ही रेझिस्टर जोडलेली काठी देऊन ते उतरवायला शिकवलंत. एक हात खिशात. "आधी मीटर लाव, मगे हात." घरात माझा धाकटा भाऊही आता त्या अ‍ॅम्पमध्ये डोकावतो, त्यामुळे हे वाक्य मी पेटीच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवलंय.

आता आवाजाचं. आउटपुट व्हॉल्व्हच्या कॅथोड या टोकाला १९ व्होल्ट, प्लेट या टोकाला ३४०, अगदी हवे तसे. घरघर जवळजवळ नाही. हळू वाजवलं तर सूर स्वच्छ येतो. तार जोरात छेडली की ५वाय३ ला एकदम एवढा करंट पुरवता येत नाही, व्होल्टेज क्षणभर बसतं, सूर दबतो आणि मग फुलत वर येतो. हाच तो आवाज, ज्यासाठी मी हे सगळं मांडलं. न वापरलेल्या चॅनेलचा व्हॉल्यूम फिरवला तरी आवाजाचा पोत बदलतो, ही या सर्किटची खासियत. मी तासन्‌तास तेच करत बसते.

तुम्ही पैसे घेतलेत ते फक्त तांब्याच्या तारेचे. वर कपाटातून भारत इलेक्ट्रॉनिक्सचा ईसीसी ८३ काढून दिलात, म्हणजे अमेरिकेतला १२एएक्स७च. खोक्यावरची अक्षरं पुसट झालेली, पण व्हॉल्व्ह कोरा. देताना म्हणालात, "ह्या आता कोणाक होया?" अण्णा, मला हवंय. आणि मी एकटी नाही. अ‍ॅम्पचा फोटो पाहून ट्रान्सफॉर्मर कुणी गुंडाळून दिला असं विचारणारे फोन मला येतायत, अगदी पणजीहूनही. तुमचा पत्ता मी तुम्हाला विचारल्याशिवाय देणार नाही, पण तुम्ही हो म्हणावं असं वाटतं.

एक मागणं आहे. तुमची ती वाइंडिंगची वही, जिच्यात रेडिओंचे, पंपांचे, देवळातल्या भोंग्याच्या अ‍ॅम्प्लिफायरचे वेढे आणि तारेचे गेज लिहिलेत, तिची पानं आता एकमेकांना चिकटायला लागलीयत. चतुर्थीची गडबड आटपली की मी दोन दिवस येते. एकेक पान सोडवून फोटो काढते, आणि जिथे अक्षर लागत नाही तिथे तुम्ही सांगा, मी लिहून घेईन. अ‍ॅम्पही घेऊन येते. तुम्ही तो उघड्या चासीवरच ऐकलाय, पेटीत बसवल्यावर खालचे सूर किती भरतात ते तुम्ही अजून ऐकलेलं नाही. दुकानात २३० चा टॅप चालेल ना, की तिथेही संध्याकाळी व्होल्टेज उतरतं?

काकींना नमस्कार.

तुमची,
आचऱ्याची बाय