बाबा, कर्जाची काळजी नको

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. तब्येत, थंडी, ऑफिस हे फोनवर रोज होतंच. पण "कर्ज" म्हटलं की बाबा फोन आईकडे देतात, म्हणून हे पत्र.

तर हो, इथे अमेरिकेत घर घेतेय. दोन बिऱ्हाडांचं. खाली मी, वर भाडेकरू. असं घर नुसतं भाड्याने द्यायला घेतलं तर बँक बहुधा किमतीच्या 25 टक्के रोख मागते. मालक स्वतः राहणार असेल तर बऱ्याच कमीत भागतं. भाडेकरू पळाला तर, हे बाबांनी विचारलंच आहे. बाबा, बँक तुमच्याहून संशयी आहे. भाडं शंभर असलं तर ती हिशेबात पंचाहत्तरच धरते, बाकीचे रिकाम्या महिन्यांत आणि दुरुस्तीत गेले असं समजते. मी त्याहून कमी धरलंय. मालमत्ता कर, विमा, छपरासाठी बाजूला टाकायचे पैसे आधी वजा, मग हप्ता, त्यातून काही उरलं तर ते आपलं. एजंट मात्र भाड्यातून फक्त हप्ता वजा करून दाखवतो आणि हसतो. घर तपासायला आलेल्या माणसाने वॉटर हीटरच्या पट्टीवरचं साल वाचलं आणि "हा आता केव्हाही जाईल" म्हणाला. तेवढे पैसे मी किमतीतून कमी करून घेतले. तेव्हा कुणी फसवेल ही भीती सोडा.

अमेरिकेतली एक तऱ्हा मात्र मला अजून पचत नाही. शेजारचं जोडपं नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात गेलं, पण घर विकेना. का, तर कर्ज स्वस्त आहे! 2021च्या सुरुवातीला इथे व्याज तीन टक्क्यांच्याही खाली होतं, 2023च्या ऑक्टोबरात ते आठच्या जवळ गेलं. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेचा रेपो दर हलला की हप्ता नाहीतर मुदत हलते. इथे बहुतेक जण तीस वर्षांसाठी एकच दर बांधून घेतात. बाजारात दर वाढला तरी बँक गप्प. उतरला तर आपण नवं कर्ज काढून जुनं फेडायचं. घर विकलं की मात्र ते कर्ज संपलं, घेणाऱ्याला सहसा ते मिळत नाही. म्हणून लोक जुनं घर भाड्याने देतात आणि न ठरवता घरमालक होतात. हातात पैसे असले तरी कर्ज फेडत नाहीत, कारण ठेवीवर व्याज त्याहून जास्त मिळतं. बाबांनी तर बोनस आला की आधी कर्जखात्यात भरला. माझा दर एवढा स्वस्त नाही, म्हणून मीही दरमहा थोडे जादा भरणार आहे. बाबांना झोप लागावी म्हणूनसुद्धा.

आता धाकटीच्या लग्नाचं. त्यासाठी ठेवलेल्या पैशांना हात लावलेला नाही, खरंच. हॉलचे लगेच पाठवते. दागिन्यांचे मात्र घराचा व्यवहार पुरा झाल्यावर, कारण तोवर बँक खात्यावर नजर ठेवून असते, मोठी रक्कम हलली की खुलासा मागते. साखरपुड्याला मला येता येणार नाही. तिला मी सांगितलंय, ती "चालेल गं" म्हणाली, पण जरा जास्तच पटकन म्हणाली. लग्नाला दहा दिवस आधी येते.

आई, त्या स्थळाचा फोटो पाठव, पण होकार समजू नकोस. घर कुणाच्या नावावर आहे, असं त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं तर तिथेच थांब.

आणि पाटल्या मोडायला काढल्यास म्हणे. मोडू नकोस. पैसे उशिरा येतील, पण येतील.

तुमची,
ताई