एवढ्याशा बिस्किटाचं काय ते

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

आई, परवा तू म्हणालीस, ‘अगं, एवढ्याशा बिस्किटाने काय होतंय?’ आणि मी तडकून फोन ठेवला. चुकलंच माझं. सहा महिन्यांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं.

माझ्या मनूचा सीलिअ‍ॅक हा आजार म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे, नाजूक पोटही नव्हे. गहू, जव, राय या धान्यांतलं ग्लूटेन पोटात गेलं की शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, अन्नातलं सत्त्व तीच शोषून घेते. ती झडून सपाट होते. म्हणून तर पोट टम्म आणि हातपाय काड्या. चिडचिडही त्यातलीच, आणि आपण मनूला हट्टी ठरवून मोकळे झालो. एकदा मी चापटसुद्धा मारली होती. ते अजून सलतं.

यावर औषध नाही, ग्लूटेन जन्मभर बंद. ग्लूटेनमुक्त म्हणायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. चिमूटभर मीठसुद्धा त्याहून कितीतरी जड. मग कणकेची चाळणी, पिठाचा हात, सगळंच आलं. वर फसवं असं की बिस्कीट खाऊन ती हसत खेळेल, आणि आत आतडं सोसत राहील.

बाबा, इतिहास तुमच्यासाठी. 1944-45च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हा ही आजारी मुलं सुधारली. पाव परत आला तशी पुन्हा खालावली. विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाचा गव्हावरचा संशय त्याने पक्का झाला.

आता फोनवर सांगायचं राहिलं ते. माझीही रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली आहे. पुढच्या आठवड्यात एंडोस्कोपी. घाबरू नका, मला त्रास काहीच नाही. पण हे रक्ताच्या नात्यात चालतं. आईवडील, भावंडं, मुलं यांत साधारण दहात एकाला. बाबा, लोहाच्या गोळ्या घेऊनही तुमचं हिमोग्लोबिन वर्षानुवर्षं चढत नाही. डॉक्टरांना टीटीजी या सीलिअ‍ॅकच्या रक्ततपासणीबद्दल विचारा. आई, तूही करून घे. तोवर गहू सोडू नका, नाहीतर तपासणी फसते.

सुट्टीत येतोय. चाळणी मी नवीन आणते, आई. तुझी वर फळीवर ठेव.

तुमची,
लेक