पांढऱ्या पेशी घटल्या? तांबेही तपासा

संपादक महोदय,

पावसाळ्यात ठाण्यातल्या लॅबमध्ये सीबीसीसाठी (रक्तपेशींच्या मोजणीसाठी) रांगा लागतात. डेंग्यूत आणि साध्या विषाणूजन्य तापातही पांढऱ्या पेशी घटतात, त्यामुळे रिपोर्टवर ३,२०० दिसले की ‘व्हायरल असेल’ म्हणून विषय मिटतो. बहुतेकदा ते खरेही असते. मात्र रुग्णाला सीलिॲक (गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याची झीज होणारा आजार) असेल, तर ताप उतरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी सीबीसी पुन्हा करावी.

नुसता एकूण आकडा पाहू नये. ३,२०० पैकी न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ४० टक्के असतील तर ते भरतात १,२८०. दीड हजारांखाली ते कमी समजतात. ५०० च्या खाली असून ताप आला, तर पॅरासिटामॉल घेऊन घरी थांबू नये, थेट रुग्णालय गाठावे.

सीलिॲकमध्ये सर्वाधिक झीज लहान आतड्याच्या वरच्या भागात होते आणि लोह, फोलेट, तांबे प्रामुख्याने तिथेच शोषले जातात. लोह सगळेच तपासतात, तांबे क्वचितच. तांबे कमी पडले की न्यूट्रोफिल घटतात, रक्तक्षय होतो, पाय बधिर होतात, चालताना तोल जातो. हे सारे बी-१२ च्या कमतरतेसारखे दिसते. अस्थिमज्जेची तपासणी केली तर तिथले चित्र मायलोडिस्प्लेसियाशी (अस्थिमज्जेत रक्तपेशी नीट न बनण्याच्या गंभीर आजाराशी) इतके जुळते, की निदान चुकू शकते.

यात भर घालते जस्ताची गोळी. सीलिॲकच्या रुग्णांत जस्त बऱ्याचदा कमी असते, म्हणून ५० मिलिग्रॅमची गोळी सुरू होते आणि ती थांबवायची कुणाला आठवत नाही. जास्त जस्तामुळे आतड्याच्या पेशींत एक प्रथिन वाढते. ते तांब्याला धरून ठेवते आणि पेशी झडल्या की तांबेही त्यांच्यासोबत शौचावाटे जाते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. त्वचेच्या खाजऱ्या पुरळासाठी डॅप्सोन चालू असेल तर तेही सांगावे, त्यानेही पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतात.

सीरम कॉपर (रक्तातले तांबे), सेरुलोप्लाझ्मिन (तांबे वाहून नेणारे रक्तातले प्रथिन), बी-१२ आणि फोलेट एकत्र तपासावे. अंगात दाह असेल तर सेरुलोप्लाझ्मिन वाढते आणि कमतरता झाकली जाते, म्हणून सोबत सीआरपी ही दाह दाखवणारी चाचणी हवी. बी-१२ न पाहता नुसते फोलिक ॲसिड घेतले तर रक्त सुधारलेले दिसते, मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते. तांब्याच्या लोट्यातले पाणी हा यावरचा इलाज नव्हे. शोषणच बिघडलेले असते.

गहू पोटात जात राहिला तर गोळ्यांचाही पुरेसा उपयोग होत नाही, आणि तो लपून येतो. बांधणी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते, थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो, आणि गिरणीत गव्हानंतर दळलेली ज्वारी ग्लुटेनमुक्त राहत नाही. आपल्याकडे ‘ग्लुटेनमुक्त’ लिहिण्यासाठी किलोमागे ग्लुटेन २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे अशी अट आहे. गिरणीतल्या पिठाला कसली अट! घरी छोटी चक्की घेणे परवडत असेल तर तीच बरी, पण तिच्यात गहू कधीच घालू नये.

— एक आहारतज्ज्ञ, नौपाडा, ठाणे