ते मोठं मशीन घेऊ नकोस इतक्यात : दापोलीच्या मित्राला पत्र

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला, फोटोही बघितले. फोनवर सांगायला गेलो तर तिकडे तुझी रेंज जाणार आणि इकडे माझ्या मागे कोणीतरी मशीन चालू करणार, म्हणून सरळ लिहूनच काढतो, निवांत वाच. नोकरी सोडून झाडं कापायच्या धंद्यात पडायचं ठरवलंच असशील तर मी कोण अडवणार, तू आणि वहिनी बघून घ्याल. पण तो ७० सीसीचा लांब बारवाला (बार म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) चेनसॉ जो सिलेक्ट करून ठेवलायस ना, "हा घेतला की धंदा सुरू" म्हणतोयस, तो आधी कॅन्सल कर.

अरे कापणं हा या धंद्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. कापलेलं खाली कसं उतरवायचं, आणि उतरवलं की तिथून न्यायचं कुठे, डोकं सगळं तिथे लागतं. मोकळ्या माळावरचं झाड पाडायला तुला कोणी बोलावणार नाही, ते गडी लावून घरच्या घरी पाडतात. तुला फोन येणार तो कसा, फणस घरावर वाकलाय, खाली कौलं आहेत, बाजूला गोठा, शेजाऱ्याचा गडगा, आणि वरून लाइटची तार गेलीय. तिथे ७० सीसी घेऊन काय करणार, ते मशीन घेऊन झाडावर चढता पण येत नाही. सुरुवातीला जमिनीवरच्या कामाला ३५-४० सीसीचं, १४ नाहीतर १६ इंची बारचं एक मशीन पुष्कळ झालं. वर चढणाऱ्याला वेगळं हलकं, तीन-चार किलोचं. मी आता वरच्यासाठी बॅटरीचं घेतलंय आणि आधी का नाही घेतलं असं झालंय. दोरी ओढायची भानगड नाही, बटण सोडलं की चिडीचूप, त्यामुळे वरचा माणूस काय बोलतोय ते खालच्याला ऐकू येतं. पेट्रोलचं मशीन १०० डेसिबलच्या वर ओरडतं, त्यात खालून "थांब थांब" म्हणून बोंबललास तरी वर कोणाला कळत नाही.

पेट्रोलवरून आठवलं. पंपावर आता २० टक्के इथेनॉलवालं मिळतं, ते या छोट्या इंजिनांना मानवत नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि तुमच्याकडच्या पावसाळी हवेत तर विचारूच नकोस. मिक्स करून कॅन महिनाभर कोपऱ्यात पडू दिलास की कार्ब्युरेटरचा डायफ्राम, म्हणजे आतला पातळ पडदा, कडक होतो आणि मशीन ऐन कामाच्या दिवशी रुसतं. लागेल तेवढंच मिक्स कर, लिटरला २० मिली टू-टी ऑइल, पण कंपनीने सांगितलेलंच, स्वस्तातलं घेतलंस तर डबल टाकावं लागतं. आणि चार दिवस काम नसेल तर टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालव. बिनऑइलचं पेट्रोल ज्या कॅनमध्ये असेल त्याचा रंग वेगळा ठेव, नुसत्या पेट्रोलवर मशीन चालवलं की पिस्टन जाम, मग नवीन मशीनच घे. चेनला टाकायला गॅरेजमधलं जळकं ऑइल बरेच जण वापरतात, फुकट मिळतं म्हणून. मी नाही वापरत. ते चेनवर टिकत नाही, उडतं, आणि खाली कोणाची तरी विहीर नाहीतर भाजीचा वाफा असतोच.

बरं, धार. यावर मी तासभर बोलू शकतो पण थोडक्यात सांगतो. मशीन मोठं हवं असं ज्याला ज्याला वाटतं ना, त्यातल्या निम्म्यांची चेन बोथट असते. कापताना खाली काय पडतंय ते बघ, चपटे छिलके पडले तर धार आहे, पिठासारखा भुगा पडायला लागला आणि तुला मशीन दाबावं लागलं की थांब, खाली बस, कानस काढ. गोल कानस तीन-चार मापात येते, ४, ४.८, ५.२ मिलीमीटर, चेनच्या बॉक्सवर माप लिहिलेलं असतं, तीच घे. प्रत्येक दाताला तीन-चार हात, फक्त पुढे ढकलायचं, मागे घासत आणायचं नाही, एका बाजूचे सगळे दात झाले की दुसरी बाजू, आणि दोन्ही बाजूंना हात मोजून सारखेच, नाहीतर काप एका अंगाला वळत जातो. दाताच्या पुढचा जो छोटा खुंट असतो तो पण अधूनमधून चपट्या कानशीने उतरवावा लागतो, पण तो जपून, जास्त उतरवलास की चेन लाकडाला एकदम जबड्यात धरते आणि मशीन झटका देतं. पुण्यात तर मला रोज कानस लागते कारण इथे झाडात लाकूड कमी आणि लोखंड जास्त. क्लासच्या पाट्यांचे खिळे, केबलवाल्यांचे हूक, दिवाळीच्या माळांची तार, कधीकाळी लावलेली जाळी खोडाने गिळून टाकलेली, बाहेरून काही दिसत नाही. टण्ण आवाज आला, ठिणगी उडाली, की पाच-सहा दात गेले. म्हणून कामावर जाताना दोन-तीन चेन धार लावून डब्यात तयार ठेवायच्या.

आता मुख्य गोष्ट, दोर. पैसे इथे घाल. चढायचा दोर वेगळा आणि लाकूड उतरवायचा दोर वेगळा, कितीही घाई असली तरी अदलाबदल नाही. ज्या दोराने ओंडके उतरवलेत त्यावर माणूस लटकवायचा नाही, बाहेरून धड दिसतो पण आतून खाल्लेला असतो. चढायचं सामान मला ट्रेकर मंडळींमुळे कळलं, सह्याद्रीत कड्यांवर जाणारी पोरं जे वापरतात तेच बरंचसं, ११ मिलीमीटरचा सेमी-स्टॅटिक म्हणजे फारसा न ताणणारा दोर, हार्नेस म्हणजे कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे, स्क्रूवाली कॅराबिनर म्हणजे दोर अडकवायची कडी. फक्त कमरेला दोराबरोबर एक स्टीलच्या तारेचा पट्टा पण हवा, कारण कड्यावर कोणी हातात चेनसॉ घेऊन लटकत नाही.

आणि हे सगळं दोन सेट घे. मी सिरियसली सांगतोय. वरचा माणूस बेशुद्ध झाला, हात कापला, मधमाश्या उठल्या, तर त्याला खाली कोण आणणार? फायर ब्रिगेड येईपर्यंत हार्नेसमध्ये निपचित लटकून राहणं हेच जिवावर बेतू शकतं. खाली एक असा माणूस कायम हवा ज्याला चढता येतं आणि ज्याच्या अंगावर दुसरा हार्नेस आहे. तुझं ते ७० सीसीचं बजेट या दुसऱ्या सेटमध्ये टाक.

उतरवायचं कसं ते एकदा इकडे येऊन बघच. मागच्या उन्हाळ्यात कोथरूडला एका सोसायटीत रेन ट्रीची फांदी होती, पार्किंगच्या पत्र्यांवर आडवी गेलेली, पलीकडे बिल्डिंगची ग्रिल. चेअरमन खाली मोबाइलवर शूटिंग करतायत, दुसऱ्या मजल्यावरच्या काकू कपडे वाळत घालतायत आणि हलायला तयार नाहीत. छर्ऱ्याची पिशवी बांधलेली बारीक दोरी वरच्या बेचक्यातून फेकली, तिच्यामागून जाड दोर ओढून घेतला, पुली बांधली. फांदीला दोन ठिकाणी बांधलं म्हणजे शेंडा खाली झुकून पत्र्यात घुसणार नाही. तिसरी बारीक दोरी शेंड्याला, ती एका पोराच्या हातात, बाजूला खेचायला. मुख्य दोर खाली बुंध्याला तीन वेढे मारून आमच्या दोरवाल्याच्या हातात, लेदरचे ग्लोव्हज घालून. त्या तीन वेढ्यांची कमाल बघण्यासारखी असते, शंभर-दीडशे किलोचं धूड एक माणूस एका हाताने धरतो, सोडायचं म्हटलं की थोडं ढिलं, थांबवायचं म्हटलं की थोडं आवळलं. वरच्याने आधी खालून एक तृतीयांश काप दिला, मग वरून, म्हणजे साल खोडापर्यंत फाटत जात नाही. कट्ट झालं, फांदी हातभर खाली बसली, दोर करकरला, आणि मग ती ग्रिलला पानं घासत घासत सावकाश खाली आली. त्या दोरवाल्याला मी चढणाऱ्याइतकाच रोज देतो, लोकांना ते पटत नाही, पण पत्रे, ग्रिल आणि काकू त्याच्या हातात असतात.

वजनाचा अंदाज डोळ्याने येत नाही हे लक्षात ठेव. फूटभर जाडीचा, मीटरभर लांबीचा ओला ओंडका साठ-सत्तर किलो भरतो. जाडी डबल केलीस तर वजन चौपट होतं, डबल नाही. आणि तो दोन-तीन फूट खाली पडून दोरावर झटका देतो तेव्हा दोराला त्याच्या कितीतरी पट जाणवतं. म्हणून लहान तुकडे. वेळ जातो, जाऊ दे.

उतरवून झालं की खरी कटकट सुरू, माल. गुलमोहर, सुबाभूळ असलं लाकूड वखारवाला नाक मुरडून घेतो, कधी घेतच नाही, आणि पाला तर कोणालाच नको. छोटा हत्ती नुसत्या डहाळ्यांनी भरतो, वजन काही नाही आणि फेऱ्या मात्र मोजून थकशील. चिपर, म्हणजे डहाळ्यांचे बारीक तुकडे करणारं मशीन, मिळाला तर अर्ध्या फेऱ्या वाचतात पण तो विकत घ्यायला अजून माझीच छाती होत नाही, मोठ्या कामाला भाड्याने आणतो. तुमच्याकडे एक सोय आहे, पालापाचोळा आंब्याच्या, सुपारीच्या आळ्यात घालायला बागायतदार मागून नेतील, ते आधीच ठरवून ठेव. आणि कोटेशन देताना माल उचलायचे पैसे वेगळे लिही, ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. लोक म्हणतात "लाकूड तुम्हीच घ्या आणि फुकट कापा". हसून नाही म्हणायचं.

परवानगीचं नीट समजून घे, तुझ्याकडे दोन कायदे लागतात. दापोली नगरपंचायतीच्या हद्दीत १९७५ चा नागरी क्षेत्रातल्या झाडांचा कायदा, तिथे छाटणीलासुद्धा अर्ज करायचा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांच्या वरचं झाड हेरिटेज धरतात आणि तोडलं तर झाडाच्या वयाएवढी रोपं लावायची जबाबदारी येते. गावात मालकीच्या जमिनीत १९६४ चा झाडतोड कायदा, त्यात आंबा, फणस, ऐन, किंजळ, खैर, जांभूळ अशी यादी आहे, ती वनखात्याच्या परवानगीशिवाय तोडायची नाहीत आणि लाकडाच्या वाहतुकीला पास वेगळा. मालक म्हणेल "माझंच झाड आहे, कापा हो". अर्ज त्याच्या नावाने, पण गाडी तुझी जप्त होते. कागद हातात आल्याशिवाय दोर काढायचा नाही. लाइनजवळ असेल तर महावितरणकडून शटडाउन घ्यायचा, आणि लाइनमन समोर उभा असल्याशिवाय वर माणूस पाठवायचा नाही. ओली फांदी करंट नेते.

तुझ्याकडचं माड-पोफळीचं काम मला येत नाही असं नाही, पण तुमचा पाडेली, माडावर चढून नारळ पाडणारा, माझ्यापेक्षा दहापट हुशार, त्याला धरून राहा, पार्टनरच कर. मशीनच्या बाजूने एवढंच सांगतो, माडाचं खोड बाहेरून कडक आणि आत मऊ, म्हणजे आपल्या नेहमीच्या झाडांच्या उलट, त्यावर चेन लवकर बोथट होते आणि तंतू कव्हरमध्ये गुंडाळून बसतात, सारखं उघडून साफ करावं लागतं. वाळलेल्या माडावर चढण्याआधी खोडाला कान लाव. सोंड्या भुंग्याच्या अळ्या आत असतील तर कुरतडल्याचा आवाज येतो, भोकांतून तपकिरी रस आणि चघळलेला भुसा बाहेर आलेला असतो, तसलं खोड आतून पोकळ, त्यावर कोणी चढायचं नाही. नारळ विकास मंडळाचा नारळावर चढणाऱ्यांसाठी केरा सुरक्षा नावाचा विमा आहे, पाडेल्याचा काढून घे. बाकीच्या पोरांची डब्ल्यूसी पॉलिसी, म्हणजे कामावर अपघात झाला तर कामगाराला भरपाई देणारा विमा, आणि दुसऱ्याच्या नुकसानीसाठी एक थर्ड पार्टीची, याच्याशिवाय एकही काम घेऊ नकोस.

आणि वादळ. ३ जून २०२० ला निसर्गनंतर तुमच्या केळशी-आंजर्ल्याला काय झालं ते तू डोळ्यांनी बघितलंयस. आडवं पडलेलं झाड उभ्यापेक्षा जास्त वाईट. फांद्या कुठेतरी दाबल्या गेलेल्या असतात, चुकीच्या बाजूने काप दिला की उसळून तोंडावर येतात. मुळासकट उपटलेलं असेल तर खोड कापल्याबरोबर मुळांचा गड्डा वजनाने परत खड्ड्यात बसतो, त्या खड्ड्यात पोरं बघायला उभी असतात. आधी माणसं हाकल, मग मशीन चालू कर.

अजून एक, उन्हाचं. चेनसॉची ती जाड पँट असते ना, आतल्या तंतूंनी चेन अडकून थांबते, ती एप्रिल-मेमध्ये घालवत नाही हे मला मान्य आहे. तरी घाल. सकाळी सहाला सुरू कर, अकराला बंद. लोकांना वाटतं लवकर पळाले, वाटू दे.

तो पहिला फणस म्हणालास ना, तुझ्या काकूंच्या माहेरचा, त्याचे फोटो पाठव. एक लांबून पूर्ण झाडाचा, एक बुंध्याचा जमिनीजवळून, कुठे छत्र्या-बुरशी आली असेल तर तीही, आणि लाइन कुठल्या अंगाला आहे ते खूण करून. रेट देऊन बसला नसशील अशी आशा करतो. पुढच्या आठवड्यात माझी दोन कामं आटोपली की एक दोर आणि जुना हार्नेस घेऊन येतो, राहायला तुझ्याकडेच.

तुझा,
पुण्याचा मित्र