आमच्या सरदारासाठी धावून आलेल्यांचे आभार

या श्रावणात आमचा तांबडा कोंबडा ‘सरदार’ मान ताणून, चोच उघडी ठेवून श्वास घेऊ लागला आणि रात्री त्याच्या गळ्यातून उकळत्या पेजेसारखी घरघर ऐकू येऊ लागली, तेव्हा ज्यांनी आम्हाला आधार दिला त्या सर्वांचे मनःपूर्वक आभार.

पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांनी ‘कोंबड्यावर कसला खर्च करता’ असे न म्हणता त्याला तपासले, मायकोप्लाझ्मा या जिवाणूच्या संसर्गाची शक्यता सांगून पाण्यातून द्यायला टायलोसिन हे प्रतिजैविक लिहून दिले आणि बरा झाला तरी तो रोगाचा वाहक राहू शकतो, म्हणून त्याच्यासोबत नव्या कोंबड्या सोडू नका, असेही बजावले. पक्ष्यांना आपल्यासारखे श्वासपटल (छाती आणि पोटामधला, श्वास घ्यायला मदत करणारा स्नायूंचा पडदा) नसते, त्यामुळे छाती आवळून धरल्यास त्यांचा श्वास कोंडतो, हे तेथील ज्या ताईंनी हात धरून दाखवले, त्यांचे नाव विचारायचेही राहून गेले. (औषध पाजताना मी त्याला नेमके तसेच आवळत होतो.) शेजारच्या काकांनी भर पावसात खुराड्यातील ओला, अमोनियाने डोळे झोंबवणारा तूस उपसून कोरडा पसरला आणि वरच्या बाजूला जाळी ठोकून हवा खेळती केली.

बाराव्या दिवशी पहाटे सरदार आरवला. आवाज अजून घोगराच आहे.